सर्टिफिकेटवाल्या जवायाचा गालिचा

गालिचे रंगवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला वर्धा शहरातला मी पहिला माणूस. माझ्या माहितीप्रमाणे शेवटचाही मीच.

वर्ध्यात माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. गोष्ट लोडशेडिंगच्या वर्षांतली. धंदा बरा चालायचा, पण नुसते कोट आणि शालू धुण्यात माझा जीव रमेना. माणसाने काहीतरी असं शिकावं जे आजूबाजूच्या दहा दुकानदारांना येत नाही, हे माझं मत. एक दिवस पेपरात जाहिरात दिसली : नागपुरात सात दिवसांचं प्रशिक्षण, गालिचा रंगवणे आणि उडालेल्या रंगाची दुरुस्ती. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"वर्धेत गालिचे हायत तरी किती घरी?" मंदाने विचारलं. (मंदा म्हणजे माझी बायको. माझ्या प्रत्येक मोठ्या निर्णयाच्या वेळी ती असाच एखादा बारकासा प्रश्न विचारते.)

"आज नसतील. उद्या घरोघरी येतील."

"मंग उद्याच शिका न! आज काऊन घाई?"

मी गेलो. प्रशिक्षण एका हॉटेलच्या तळघरात होतं आणि शिकवणारे सर दिल्लीचे होते. मे महिन्यातही टाय न सोडणारा माणूस असणार, हे आम्ही फेब्रुवारीतच ओळखलं. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'गीला रंग झूठ बोलता है.' म्हणजे ओला रंग दिसतो एक आणि वाळल्यावर निघतो दुसरा, म्हणून घाई करू नये. दुसऱ्या दिवशी सांगितलं, लोकरीत रंग मुरायला दोन गोष्टी हव्यात, व्हिनेगरसारखा आंबटपणा आणि कडक वाफ. "रंग भाप से पकता है, बातों से नहीं," असं म्हणताना ते नेमके माझ्याकडेच का बघत होते कोण जाणे! आणि शेवटी, काम झालं की पांढरा रुमाल ओला करून गालिच्यावर दाबायचा. रुमाल पांढरा राहिला तर रंग पक्का. रुमाल रंगला तर गिऱ्हाइकाला तोंड दाखवायचं नाही.

हे सगळं मी वहीत लिहून घेतलं. माझी वही सगळ्यात स्वच्छ होती, सरांनी तसं वर्गात बोलूनही दाखवलं. मला वाटतं, माझ्या या विषयातल्या यशाचा तोच सर्वोच्च क्षण.

सर्टिफिकेट मी काचेत मढवून दुकानात देवाच्या फोटोशेजारी लावलं. (किंचित वरच, पण तो खिळ्याचा दोष.) बाहेर पाटी रंगवून घेतली : 'येथे गालिच्यांचा गेलेला रंग परत आणून मिळेल.' तीन महिन्यांत एक गालिचा आला नाही. एक पायपुसणं आलं, तेही धुवायलाच.

आणि अचानक आष्टीहून मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, फोन आला.

"जवाईबापू, गोंधळ झाला. तुमी तुमचं सामान घेऊन उद्याच्या उद्या या बरं."

मामाजींचं आष्टीला किराणा दुकान आणि संत्र्याची थोडी बाग. माणूस मोठा अभिमानी. काशीयात्रेला गेले तेव्हा बाकीच्यांनी गंगाजल आणलं, यांनी मिर्झापूरहून गालिचा आणला! लालभडक, लोकरीचा, अख्ख्या बैठकीभर पसरेल एवढा. वर्षभर तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डांबराच्या गोळ्यांसकट माळ्यावर झोपायचा आणि घरात मोठं कार्य असलं की खाली उतरायचा. आता कार्य होतं. मंदाची धाकटी बहीण, म्हणजे माझी साळी वैशू, तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, चार दिवसांवर आलं होतं. मुलाकडचे जाम गावचे, हायवेवर टायरचं मोठं दुकान, मुलगा एकुलता एक, सालस. आधीची दोन स्थळं काही ना काही कारणाने फिसकटली होती, त्यामुळे यावेळी घरात सगळे श्वास रोखून वागत होते. वैशूला मुलगा मनापासून आवडला होता. ती तसं बोलली नव्हती, पण जामचं नाव निघालं की ती पाणी आणायला आत जायची. त्या आठवड्यात घरात पाणी फार झालं होतं.

आष्टीला पोचल्यावर गोंधळ कळला. गालिच्यावर चहा सांडला, सासूबाईंनी घाबरून विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर त्यावर चोळली, डाग गेला आणि डागाबरोबर रंगही गेला. मधोमध भाकरीएवढा पांढराफटक गोल.

"त्याच्यावर टेबल ठेवून देऊ," सासूबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "कोणाले दिसणार नाई."

"टेबल काऊन? जवाई शिकून आले न नागपूरहून!" मामाजी छाती फुगवून म्हणाले. "मी जामले फोन करून सांगतलं बी. म्हटलं आमचे मोठे जवाई सर्टिफिकेटवाले हायत, अख्ख्या जिल्ह्यात असा माणूस नाई."

खरं सांगतो, ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. सासऱ्याने परक्या लोकांत जावयाची फुशारकी मारावी, यापरता मान तो कोणता! मी बाह्या वर केल्या.

पहिल्या दिवशी मी फक्त तो गोल रंगवला. ओला असताना असा काही जुळला की सासूबाईंनी माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या. वाळल्यावर तो गुलाबी निघाला. ओल्या रंगाच्या खोटेपणाबद्दल वहीत लिहिलेलं होतंच, पण वही वर्ध्याला होती. दुसऱ्या दिवशी मी जरा जोरात लाल दिला. आता तो गोल बाकी गालिच्यापेक्षा गडद झाला. म्हणजे गोल ठीक होता, उरलेला गालिचा फिका पडला होता! एका बाजूची मिशी जास्त कापली गेली की माणूस दुसऱ्या बाजूला हात घालतो, तसं माझं झालं.

"मामाजी, आता पूर्ण गालिचाच रंगवावा लागेल," मी शांतपणे सांगितलं.

"पूर्ण?" मंदाने माझ्याकडे बघितलं. "परवा पाहुणे येऊन राह्यले. एक गोल तर जुळला नाई!"

"तू यातलं बोलू नको. तुला यातलं कळत नाही."

अडचणी दोनच होत्या. पहिली, माझ्याजवळची व्हिनेगरची बाटली त्या एका गोलावरच संपली होती आणि आष्टीच्या बाजारात व्हिनेगर मिळेना. मी म्हटलं, आंबट ते आंबट. सासूबाईंकडून दोन किलो चिंच मागून घेतली आणि पातेलंभर कोळ रंगात ओतला. मंदा दारात उभी राहून बघत होती. "गालिचा रंगवून राह्यले का आमटी करून राह्यले?" ती म्हणाली. मी लक्ष दिलं नाही. अंगणात गालिचा पसरून ब्रशने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंग दिला, गुडघे सोलपटून निघाले, आणि संध्याकाळपर्यंत गालिचा असा लाल झाला की शेजारपाजारचे कुंपणावरून बघायला आले.

दुसरी अडचण वाफेची. वाफेचं यंत्र मी आणलं होतं, पण वीज गेली ती गेलीच. साक्षगंधाच्या आदल्या दिवशी सकाळी दहापर्यंत वाट पाहिली. मग मी वर आकाशाकडे बघितलं. मे महिना. विदर्भाचं ऊन. अंगणात पाय ठेवला तर चटका बसत होता, शेजारच्या गच्चीवरचे पापड तासाभरात कडकडीत होत होते. मी मनात म्हटलं, दिल्लीच्या सरांनी आष्टीचं ऊन कुठे पाहिलंय! त्यांच्याकडे ऊन नाही म्हणून त्यांना वाफ लागते.

दिवसभर गालिचा उन्हात भाजून निघाला. संध्याकाळी घरात नवीन बसवलेल्या पांढऱ्या टाइल्सवर तो अंथरला तेव्हा सगळं घर बघायला गोळा झालं. इतका देखणा गालिचा मी तरी आजवर पाहिला नाही! मामाजींनी मला मिठी मारली. रुमालाची परीक्षा तेवढी राहिली होती. पण सासरा गळ्यात पडलेला असताना माणूस खिशातून रुमाल कसा काढणार?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पाहुण्यांच्या दोन जीप आल्या. चौदा माणसं. जामपासूनचा रस्ता, वरून आग, घामाने सगळे निथळत होते. आपल्याकडे पाहुणा दारात आला की आधी पाय धुवायला पाणी, ही रीत. त्यात मुलाकडचे पाहुणे, त्यात मे महिना! सासूबाईंनी दारात चार बादल्या भरून ठेवल्या होत्या. थंडगार पाणी बघून पाहुण्यांनीही हात आखडता घेतला नाही. गुडघ्यापर्यंत पाय धुतले. मुलाच्या वडिलांनी तर दोनदा धुतले. टॉवेल एकच होता आणि तो मुलाच्या आत्याबाईंच्या ताब्यात होता.

आणि मग चौदा माणसं, अठ्ठावीस ओले पाय, माझ्या गालिच्यावर येऊन बसले.

मी कोपऱ्यात उभा राहून स्तुतीची वाट बघत होतो. ती झालीही. "वा! काय रंग हाय बुवा!" मुलाचे वडील म्हणाले. "हे तेच का जवाई, सर्टिफिकेटवाले?" मी मान लववली. मामाजी मुलाला म्हणाले, "बेटा, पहिले देवाच्या पाया पडून ये." देवघर आतल्या खोलीत. मुलगा उठला आणि पांढऱ्या टाइल्सवरून चालत गेला.

प्रत्येक पावलागणिक एक लालभडक पाऊल उमटलं. डावं, उजवं, डावं, उजवं, थेट देवघरापर्यंत. पाचही बोटं स्वच्छ मोजता यावीत इतकी सुबक!

कोणी काही बोलायच्या आत मी एक पांढरं फडकं ओलं करून पहिल्या पावलावर फिरवलं. त्या एका पावलाचं परातीएवढं लाल तळं झालं. तेवढ्यात कोणीतरी आपला पाय वर करून बघितला, मग दुसऱ्याने बघितला, मग चौदाही जण आपापले तळवे बघू लागले. मुलाच्या काकांचं पांढरंशुभ्र धोतर मागून बघवत नव्हतं.

"हे काय होय वो?" आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे त्या घरातला शेवटचा शब्द. त्यांनी नाही म्हटलं की नाही.

अशा वेळी शहाणा माणूस हात जोडून माफी मागतो. पण मी प्रशिक्षित होतो ना! मी घसा खाकरला आणि ठणठणीत आवाजात म्हणालो, "आत्याबाई, ही आमच्याकडची खास पद्धत आहे. शुभकार्याला पाहुण्यांची कुंकवाची पावलं घरात उमटवून घेतो आम्ही!"

मामाजींनी माझ्याकडे चमकून पाहिलं. घरात अशी कुठलीही पद्धत नव्हती. जगातही नसावी.

आत्याबाईंनी टाइल्सवरची पावलं उंबरठ्याच्या बाजूने देवघरापर्यंत नजरेने मोजली. मग त्यांचा चेहरा बदलला.

"अवो माय! कुंकवाची पावलं तर नवरी उमटवते, सासरी येते तवा! तुमी आमच्या पोट्ट्याची उमटवून घेतली? त्याले घरात घेऊन राह्यले का? घरजवाई करून राह्यले का?"

"नाही हो, तसं नाही—"

"एकुलता एक पोट्टा हाय माया!" मुलाचे वडील ताडकन उठले. "एवढं दुकान कोण पाह्यल?"

"बाई, त्यायनं कपट केलं," आत्याबाई सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या. "देवाच्या पुढे नेऊन उभा केला आपला पोट्टा. अपशकुन होय हा. उठा सगळे."

स्वयंपाकघराच्या दारात वैशू उभी होती. हातात सरबताचा ट्रे, आणि डोळ्यांत असं काही की मला तिच्याकडे बघवेना. पोरीचं तिसरं स्थळ, तिला आवडलेलं, आणि ते माझ्या दोन किलो चिंचेपायी दारातून परत चाललं होतं. मी खरंच हात जोडले.

"आत्याबाई, मी खोटं बोललो. पद्धत वगैरे काही नाही. गालिच्याचा रंग कच्चा आहे. मला नीट रंगवता आला नाही."

"काऊन फसवून राह्यले?" आत्याबाई म्हणाल्या. "जिल्ह्यात एकच सर्टिफिकेटवाला माणूस म्हणून फोन आला होता. त्याचा रंग कच्चा कसा निघंल? मुद्दाम केलं तुमी!"

घ्या! आयुष्यभर मी हुशारी सिद्ध करत आलो, आणि आता भर बैठकीत मला सिद्ध करायचं होतं की मला काही येत नाही. आणि कोणी विश्वास ठेवेना! शेवटी माझ्या मदतीला मंदा धावली. तिने पदर खोचला आणि मनापासून साक्ष दिली.

"आत्याबाई, देवाशपथ, यायले खरंच नाई येत! सेवाग्रामच्या एका डॉक्टरचा पांढरा कोट यायनं गुलाबी करून देला. शेजारच्या वहिनीचा शालू धुतला तर त्याचा रुमाल झाला. पायपुसणं आलं होतं एक, थे हरवलं. या गालिच्यात चिंच टाकली यायनं, चिंच! दोन किलो! मी सांगून राह्यली होती, पण आयकंल तर शपथ!"

पंधरा वर्षांच्या संसारात ती माझ्याबद्दल इतकं भरभरून पहिल्यांदाच बोलत होती. थांबायचं नाव घेईना. मी मध्येच "पुरे" म्हणालो तर मुलाचे वडील म्हणाले, "नाई नाई, बोलू द्या त्यायले." हळूहळू पाहुण्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल कीव दिसू लागली. एका काकांनी वाकून गालिच्याचा वास घेतला आणि जाहीर केलं, "चिंच होय."

आत्याबाईंनाही पटलं की मी कपटी नाही, नुसता बिनकामाचा आहे. पण त्या मागे हटेनात.

"मानलं, रंग कच्चा हाय. पण पावलं तर उमटली न? आत गेली न? अपशकुन तो अपशकुन. तो कसा पुसून काढता?"

मामाजी खाली बघत होते. मुलगा देवघराच्या दारात एका पायावर उभा होता, दुसरा कुठे टेकवावा हे त्याला कळत नव्हतं. जीपवाल्याने बाहेर गाडी सुरू केल्याचा आवाज आला.

तेव्हा वैशू पुढे आली. तिने ट्रे खाली ठेवला. सगळ्यांच्या देखत दारापाशी गेली, बादलीतला तांब्या भरून आपल्या दोन्ही पायांवर ओतला, परत येऊन गालिच्याच्या मधोमध उभी राहिली. साडी जराशी उचलली, तळवे चांगले घासले. मग वळली आणि पांढऱ्या टाइल्सवरून, उंबरठा ओलांडून, ओसरीवरून, पायऱ्या उतरून, अंगणातून थेट जीपपर्यंत चालत गेली, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. मागे घरातून बाहेर जाणारी लाल पावलांची सरळ रांग.

"पाह्यलं आत्याबाई?" तिने जीपमधूनच आवाज दिला. "तुमचा पोट्टा आत आला, मी बाहेर आली. माये पाय तर जामच्या गाडीत हायत. आता कोण कोणाच्या घरी चाललं, तुमीच सांगा!"

मग पहिल्यांदा मुलगा हसला. एका पायावर उभा राहून खो खो हसला आणि तोल जाऊन त्याने भिंतीला हात लावला. त्याच्या मागे त्याचे वडील, मग काका, मग सगळी बैठक. आत्याबाई शेवटपर्यंत थांबल्या होत्या. पण त्यांनीही तोंडाला पदर लावला आणि म्हणाल्या, "पोट्टी लय तिखट हाय बापा! हिले आताच घेऊन चला, नाई तर इथेच राह्यली तर वाया जाईल."

मामाजींचे डोळे भरून आले. माझेही आले, पण माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. साक्षगंध थाटात झालं. फोटोत दोन्हीकडच्या सगळ्यांचे पाय साड्या आणि धोतरांखाली लपवलेले आहेत.

जेवणं झाल्यावर मामाजींनी हात जोडून विचारलं, "आता तुमचं मानपानाचं काय ते सांगा."

मुलाचे वडील म्हणाले, "आमाले काई नको. पोट्टी मिळाली, भरून पावलो. फक्त एक अट हाय. लग्नात मोठ्या जवायानं कशालेच हात लावू नये."

मामाजींनी एका क्षणात मान्य केलं. इतक्या पटकन सासऱ्याने मुलाकडच्यांची अट मान्य केल्याचं मी दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही.

आणि ती पाळली गेली, अगदी कडक! मांडवाचं कापड धरायला गेलो तर काकांनी काढून घेतलं. पंगतीत जिलबी वाढायला उठलो तर मंदाने खाली बसवलं. हळदीच्या वेळी मोठा जावई म्हणून माझा मान होता. मी वाटीकडे फक्त हात नेला, तर दोन्हीकडच्या बायका एका सुरात ओरडल्या, "नाईऽऽ!" नवरदेव पाटावरून उठून उभा राहिला. मी आपला मागे सरलो.

मंगलाष्टकं सुरू झाली. सासूबाई सगळ्यांना कुंकू लावलेल्या लाल अक्षता वाटत माझ्यापर्यंत आल्या, जरा थबकल्या, आणि पदराच्या गाठीतून माझ्यासाठी मुद्दाम वेगळे आणलेले मूठभर कोरडे, पांढरे तांदूळ माझ्या हातावर ठेवले.